डावीकडनं तिसरा मावळा: कोल्हापूरकरांच्या लहानपणच्या सिनेमांची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या माणसाला विचारा, लहानपणी कुठला सिनेमा आवडायचा, तर तो आधी सिनेमाचं नाव सांगत नाही, थिएटरचं सांगतो. 'उमाला लागलेला', 'पद्माला बघितला, मावशीसंगट', मग नाव, आणि नावाच्या मागोमाग एक तिसरी गोष्ट येते, ती दुसऱ्या गावात सहसा येत नाही: 'त्यात आमच्या गल्लीतले एकजण हाईत की!' हिरो कोण, स्टोरी काय, हे सगळं नंतर. आधी आपला माणूस कुठल्या सीनला दिसतो ते.

परवा मिसळ खाताना शाळेतल्या दोस्तांच्यात हाच विषय निघाला. आम्ही सगळे ऐंशीच्या आसपास जन्मलेले, म्हणजे लिस्टमधे लक्ष्या-अशोक सराफ असणारच, पण त्याच्या बरोबरीनं प्रत्येकाच्या तोंडात घोडे, तलवारी, पाटलाचा वाडा, तमाशाचा फड, तांबड्या मातीतली कुस्ती. एका दोस्ताची बायको मुंबईची, ती म्हणाली की अहो हे सगळे सिनेमे तर तुमच्या जन्माच्या आधीचे, ब्लॅक अँड व्हाईट, तुमच्या लहानपणी तुम्हाला हे का आवडत होते? त्यावर कुणालाच नीट उत्तर देता येईना. एकजण म्हणाला, 'आपल्यातलेच हाईत म्हणून.' ते बरोबर आहे, पण तिला ते पटलं नाही, म्हणून जरा मागं जाऊन सांगतो.

माझंच आधी सांगतो. माझा आज्जा, म्हणजे आईचा बाप, सुतार. आई-मामा त्याला दादा म्हणायचे. स्टुडिओत सेटच्या कामाला जायचा, लाकडी खांब, खोटे दरवाजे, गडाचा बुरूज वगैरे. आणि ज्या दिवशी मॉबला माणसं कमी पडायची त्या दिवशी जेवणापर्यंत करवत आणि जेवणानंतर हातात भाला, डोक्याला मुंडासं, की झाला मावळा. १९६४ च्या 'मराठा तितुका मेळवावा'मधे तो एका सीनला आहे असं आज्जी सांगायची. डावीकडनं तिसरा. आमच्या घरात हा सिनेमा कशावर आहे हे कुणी कधी विचारलंच नाही, तो 'आज्ज्याचा सिनेमा' होता.

आता ही सुतार माणसं सिनेमात घुसली कशी, तर कोल्हापूरचा सिनेमा सुरूच झाला मेस्त्री लोकांपासनं. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर, दोघं नात्यातले भाऊ, आडनाव खरं मेस्त्री. पेंटर हे धंद्यावरनं पडलेलं नाव. बाबूराव १८९० चे. शाळा कमी, हातात कसब मात्र अफाट: सुतारकाम, ओतकाम, मूर्ती, चित्रं. त्या काळात शाहू महाराजांमुळं कोल्हापुरात नाटकाला, गाण्याला, कुस्तीला पैसा आणि मान दोन्ही होतं, अल्लादिया खाँसाहेब दरबारात गायला होते, १९१२ ला खासबागेचं कुस्तीचं मैदान झालं आणि त्याला खेटूनच १९१५ ला पॅलेस थिएटर उभं राहिलं, जे आपण आता केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. एवढी नाटकं म्हटल्यावर पडदे लागणार. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. ते रंगवण्यात या दोघा भावांचा हात धरणारं त्या वेळी कुणी नव्हतं.

मग फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ ला आणि या दोघांचं डोकं फिरलं. रंगवलेला पडदा हलत नाही, हा हलतो! पडद्याचा धंदा करणाऱ्याला याच्यापेक्षा मोठा धक्का काय असणार. मुंबईच्या चोरबाजारातनं प्रोजेक्टर आणला, सिनेमे दाखवले, ते यंत्र कसं चालतं ते बघितलं आणि ठरवलं की कॅमेरा आपणच करायचा. विकत घ्यायला पैसे नव्हते आणि पहिलं महायुद्ध चालू, त्यामुळं बाहेरनं माल येणंही मुश्कील. १९१६ ला आनंदराव गेले. काम अर्धवट राहिलं. ते बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ ला पुरं केलं. घरी केलेला कॅमेरा, कोल्हापुरात, लेथवर भाग करून करून. मला लहानपणी ही गोष्ट सांगितली तेव्हा विशेष काय वाटलं नव्हतं, कारण आमच्याकडं मेस्त्री लोक काय पण करतात असाच समज होता, कुणी ऑईल इंजिन करतंय, कुणी कॅमेरा. मोठा झाल्यावर कॅमेऱ्याच्या आत काय काय असतं ते बघितलं तेव्हा कळलं की हे काय केलंय या माणसानं.

कंपनी काढली १ डिसेंबर १९१७ ला, महाराष्ट्र फिल्म कंपनी. पैसे दिले गायिका तानीबाई कागलकरांनी. हे नाव पुढं आणायला पाहिजे असं मला वाटतं, कारण कोल्हापूरच्या सिनेमाच्या सगळ्या गप्पांत पुरुषांचीच नावं निघतात आणि पहिली थैली सोडली ती एका गाणाऱ्या बाईनं. पहिला सिनेमा 'सैरंध्री', फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच सिनेमावरनं. भीमानं कीचकाला मारलं ते इतकं खरं वाटलं म्हणे की त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. म्हणजे आपल्या गावच्या पहिल्याच सिनेमात मारामारी अशी की सरकार घाबरलं! हे ऐकून आमच्या वर्गातली सगळी पोरं खूश.

खरी गंमत पुढं आहे. ज्या माणसाचा धंदा पडदे रंगवण्याचा, त्यानंच सिनेमातनं रंगवलेले पडदे काढून टाकायला सुरुवात केली. खऱ्या भिंती, खरे खांब, ज्याच्यामागं माणूस जाऊन परत येऊ शकेल असे सेट. इथंच आमच्या आज्ज्यासारख्यांची रोजीरोटी सुरू झाली, कारण पडद्याला एक रंगारी पुरतो, पण वाडा उभा करायला सुतार, गवंडी, लोहार, सगळे लागतात. १९२३ च्या 'सिंहगड'मधे रात्रीच्या सीनला विजेचे दिवे वापरले. १९२५ ला 'सावकारी पाश', त्यात शेतकऱ्याचं काम शांताराम वणकुद्रे नावाच्या कोल्हापूरच्याच पोरानं केलं, ज्याला पुढं सगळ्यांनी व्ही. शांताराम म्हणून ओळखलं. देव-राक्षस नाहीत, राजे नाहीत, कर्जात बुडालेला कुणबी, एक झोपडी आणि अंधारात ओरडणारं कुत्रं. १९२५ मधे! सिनेमाची पोस्टरं बाबूराव स्वतः रंगवायचे. आणि शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा, ज्याच्यासमोर आपण मॅच जिंकल्यावर नाचतो, तो पण बाबूरावांनीच घडवलेला, १९४५ चा. त्याच्याआधी त्या जागेवर इंग्रज गव्हर्नरचा पुतळा होता. गावातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही की हा पुतळा एका सिनेमावाल्याच्या हातचा आहे. खरी कॉर्नर नावाच्या चौकात कॅमेऱ्याचा स्तंभ आहे तो तर लोकांना सिग्नलला थांबल्यावर दिसतो, तेवढाच.

पुढचं जरा भराभर सांगतो, कारण हे पुस्तकांत भरपूर आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीतनं दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले, सीतारामपंत कुलकर्णी पैशाला उभे राहिले आणि १ जून १९२९ ला कोल्हापुरातच 'प्रभात' निघाली. पहिला मूकपट 'गोपाळकृष्ण'. १९३० ला यांनीच 'राणीसाहेबा' उर्फ 'बजरबट्टू' केला, भारतातला पहिला बालचित्रपट म्हणून याचं नाव घेतात, म्हणजे लहान पोरांसाठी सिनेमा काढायचं पण पहिल्यांदा आपल्याच गावात सुचलं. १९३२ ला 'अयोध्येचा राजा', पहिला मराठी बोलपट, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे. आणि १९३३ ला प्रभात उठून पुण्याला गेली. कोल्हापूरकर अजून हे असं सांगतात की जणू काल संध्याकाळीच सामान भरून ट्रक गेला. 'संत तुकाराम' १९३६ चा, व्हेनिसला गाजलेला, तो पुण्याचा सिनेमा मानतात, पण दिग्दर्शक दामले-फत्तेलाल कुठले? सोडा. हा वाद मिसळीबरोबर घालायचा.

प्रभात गेली म्हणून इथलं बंद पडलं नाही, हे महत्त्वाचं. राजाराम महाराजांच्या पाठबळावर कोल्हापूर सिनेटोन निघालं, राजघराण्याच्याच आधारानं शालिनी सिनेटोन, तिथं बाबूराव पेंटरांनी बोलपट केले. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्सनं १९३८ ला अत्र्यांच्या कथेवर 'ब्रह्मचारी' काढला, त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहायच्या ड्रेसमधे आल्या आणि अख्ख्या महाराष्ट्रात बोंबाबोंब झाली. माझ्या आज्जीला तो सिनेमा लहानपणी बघू दिला नव्हता. गाणं मात्र तिला पाठ होतं. हे कसं, ते तिनं कधी सांगितलं नाही.

आता भालजी. इथं मी थांबणार आहे जरा, कारण आमच्या लिस्टमधले घोडे या माणसाचे.

भालजी पेंढारकर १८९८ चे, कोल्हापूरचे. थोरले भाऊ बाबूराव पेंढारकर नट, सावत्र भाऊ मास्टर विनायक, म्हणजे निम्मी इंडस्ट्री एका घरातली. चाळीसच्या दशकात कोल्हापूर सिनेटोनची जागा त्यांच्याकडं आली आणि त्याचं झालं जयप्रभा स्टुडिओ. 'वाल्मिकी' (१९४६) मधे पृथ्वीराज कपूर वाल्मिकी आणि राज कपूर नारद, हा इथलाच सिनेमा. मग ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतरच्या जाळपोळीत जयप्रभा पेटवला गेला. 'मीठभाकर' तयार होता तो जळाला. भालजींनी स्टुडिओ परत उभा केला आणि 'मीठभाकर' परत काढला. आमच्या आज्ज्याची स्टुडिओतली पहिली नोकरी म्हणजे हे परत उभं करायचं काम, जळकी लाकडं बाजूला काढून कुठली वापरता येतात ते बघायचं. तो म्हणायचा जळक्या सागवानाला रंधा मारला की आतनं चांगलं लाकूड निघतं, फक्त वास आठ-दहा दिवस जात नाही.

त्यानंतरचे भालजींचे सिनेमे बघा. 'छत्रपती शिवाजी' १९५२, महाराज झालेले चंद्रकांत मांडरे. 'पावनखिंड' १९५६. 'मोहित्यांची मंजुळा' १९६३, 'मराठा तितुका मेळवावा' १९६४, 'साधी माणसं' १९६५, 'तांबडी माती' १९६९. शेवटच्या चारही सिनेमांना संगीत 'आनंदघन' यांचं, म्हणजे नाव बदलून लता मंगेशकरच. चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांडरे बंधू कोल्हापूरचे, गल्लीबोळातनं फिरताना दिसणारे, चंद्रकांत तर चित्रकार पण होते आणि राजारामपुरीत त्यांचं कलादालन आहे. म्हणजे आमच्या आईच्या पिढीला शिवाजी महाराज डोळ्यांपुढं आणायचे म्हटलं की चेहरा येतो तो गावातल्याच एका माणसाचा. मुंबईच्या पोरांना हिरो म्हणजे पोस्टरवरचा माणूस, इथं हिरो भाजी घेताना दिसायचा.

आणि शूटिंग कुठं, तर पन्हाळा, जोतिबाचा डोंगर, रंकाळा, पंचगंगेचा घाट. फौज लागली की पेठेतनं आणि आसपासच्या खेड्यांतनं माणसं. ज्याला घोड्यावर बसता येतं त्याला जादा मान. तालमीतले पैलवान तर हक्काचे, अंगापिंडानं भरलेले, सरदाराच्या मागं उभे केले की सीन भरला. त्यामुळं थिएटरात काय व्हायचं, लढाई चालू असायची आणि मागनं कुणीतरी ओरडायचा, 'आरं ह्यो बघ, आमच्या तालमीतला!' आणि लढाईचं गांभीर्य गेलं खड्ड्यात. 'तांबडी माती' हे नाव तर तालमीच्या हौद्यावरनं आलेलं, दादा कोंडक्यांचा पडद्यावरचा पहिला सिनेमा तो, ते किती लोकांना माहीत असतं कोण जाणे. 'साधी माणसं'मधलं ऐरणीचं गाणं जगदीश खेबूडकरांचं, तेही कोल्हापूरचे, पेशानं मास्तर. ते गाणं शाळेत स्नेहसंमेलनाला दर वर्षी कोणतरी बसवायचंच, पुठ्ठ्याची ऐरण करून, आणि त्यातला लोहार ठोके चुकवायचा.

तमाशाच्या सिनेमांचं पण असंच. अनंत माने मूळचे कोल्हापूरचे, त्यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. त्यानंतर जो उठला तो फड आणि पाटील घेऊन सिनेमा काढायला लागला, आणि पाटील, सरपंच, नाच्या, सोंगाड्या या सगळ्यांची भाषा झाली ती आमच्या बाजूची. गणपत पाटलांचा नाच्या बघून अख्खा महाराष्ट्र हसला, ते पण कोल्हापूरचेच, आणि त्या एका कामाचा शिक्का त्यांच्यावर आयुष्यभर बसला. मला लहानपणी खरंच वाटायचं की मराठी सिनेमा म्हणजे असंच बोलतात सगळे, 'काय सांगाय लागलाईस', 'कुठं निघालासा', आणि पुस्तकातली मराठी ही फक्त परीक्षेसाठी असते. पुण्याला गेल्यावर कळलं की तिकडं लोक आमच्या बोलण्याला 'पिक्चरमधल्यासारखं बोलतोस' म्हणतात. म्हणजे उलटंच की! पिक्चर आमच्यासारखं बोलतोय.

बरं, आम्ही ऐंशीनंतरचे, मग आम्ही हे १९५२-६९ चे सिनेमे बघितले कुठं? थिएटरला हे रीपीट लागायचे, मॅटिनीला, तिकीट कमी. पण जास्त करून गल्लीत. गणपतीत मंडळाचा पडदा लागायचा. रस्त्याच्या मधोमध दोन बांबू, त्यात पांढरं कापड ताणून बांधलेलं, प्रोजेक्टर एका बाजूला टेबलावर, आणि पुढं सतरंज्या. पुढची बाजू म्हाताऱ्या, बायका, मंडळाचे पदाधिकारी यांची. पोरं मागच्या बाजूला. कापड पातळ असल्यामुळं सिनेमा मागनं पण दिसायचा, फक्त उलटा. नावं उलटी, त्यामुळं ती वाचायचा प्रश्नच नाही. तलवारी डाव्या हातात. मी तिसरी-चौथीपर्यंत असं धरून चाललो होतो की मावळे डावखुरे असतात, आणि मी स्वतः डावखुरा असल्यामुळं मला त्याचा लई अभिमान होता. शाळेत बाई हात बदलायला लावायच्या तेव्हा मी मनात म्हणायचो, तुम्हाला इतिहास माहीत नाही.

रीळ बदलताना लाईट लावायचे, तेव्हा पुढनं आज्जी हाक मारायची, 'बघितलास का रं? आत्ता ईल बघ, डावीकडनं तिसरा.' आणि मी मागं बसून डावीकडनं तिसरा बघायचो. मिशीवाला, दणकट, भाला घट्ट धरलेला, एकदम कॅमेऱ्याकडं बघणारा माणूस. हा माझा आज्जा. घरातल्या खाटेवर खोकत पडलेल्या आज्ज्याशी त्याचा काही संबंध वाटायचा नाही, पण तरुणपणी माणूस वेगळाच असतो म्हणे. 'शूर आम्ही सरदार' लागलं की मला तोच दिसायचा.

थिएटरं तर काय, गावाचा नकाशाच थिएटरांवर बेतलेला. अजून रिक्षावाल्याला उमा टॉकीज सांगा, पार्वती टॉकीज सांगा, बसंत-बहार सांगा, तो बरोबर नेतो. व्हीनस कॉर्नरला सिनेमा बघायला आता कोण जात नाही, पण कॉर्नर व्हीनसचाच. दुसरा खेळ सुटला की रात्री गंगावेशीत दूध प्यायला जायचं, म्हशी रस्त्यावर उभ्या, समोर धार काढून ग्लासात, आणि तिथंच सिनेमाचा निकाल लागायचा. पेपरातलं परीक्षण कुणी वाचत नव्हतं. म्हशीपाशी जो सिनेमा पडला तो पडला.

मग आमच्या डोळ्यांदेखत बरंचसं मुंबईला सरकलं. 'धूमधडाका' १९८५, 'अशी ही बनवाबनवी' १९८८, 'धडाकेबाज' १९९०, 'झपाटलेला' १९९३. खरं सांगायचं तर माझा सगळ्यात आवडता सिनेमा 'झपाटलेला'च, तात्या विंचूच्या भीतीनं मी महिनाभर माळ्यावर चढलो नाही आणि बहिणीची बाहुली कपाटात कोंडून ठेवली. ते बाहुलं रामदास पाध्यांचं, हे नंतर कळलं. १९९१ ला 'माहेरची साडी' आला तेव्हा आसपासच्या गावांतनं बायका ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरभरून आल्या होत्या, आमच्या आईनं तो तीनदा बघितला आणि तिन्ही वेळा घरी येऊन बाबांशी दोन दिवस बोलली नाही, त्यांचा काही दोष नसताना. हे सगळे सिनेमे आम्ही डोक्यावर घेतले. पण एक फरक होता, जो तेव्हा सांगता आला नसता. 'बनवाबनवी' बघताना थिएटरात सगळे एकदम हसायचे, पण मागनं कुणी 'ह्यो बघ आमचा' असं ओरडायचं नाही. गर्दीत शोधायला कुणी नव्हतंच. ते मुंबईच्या, पुण्याच्या रस्त्यांवरनं चाललेले, आमचं कोण असणार तिथं. म्हणून त्या दोस्ताच्या बायकोला सांगायचं हेच, की हे आमच्यासाठी आवडते सिनेमे नव्हते, ते जवळपास फोटोचे अल्बम होते. लग्नाच्या अल्बममधे नवरा-नवरी कोण बघतो? आपण कुठं बसलोय ते बघतो.

तसे अल्बम किती उरले म्हणाल तर, महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक सगळे मूकपट गेले, 'मुरलीवाला'चे (१९२७) काही तुकडे राहिलेत. जुनी फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी. २००३ च्या जानेवारीत पुण्यात, जिथं आधी प्रभातचा स्टुडिओ होता त्याच आवारात, नायट्रेट फिल्मच्या कोठारालाच आग लागली आणि प्रभातचं बरंच काही त्यात गेलं. जयप्रभा १९५९ ला लताबाईंनी घेतला, भालजी तिथंच सिनेमे करत राहिले, १९९१ चं फाळके पारितोषिक त्यांना मिळालं आणि १९९४ ला ते गेले. पुढं जागा विकली गेल्याचं २०२२ ला बाहेर आलं तेव्हा गावात आंदोलन झालं, जुने कलाकार, तंत्रज्ञ, म्हातारी माणसं गेटसमोर बसली. मोरेवाडीच्या माळावर चित्रनगरी आहे, तिथं आता सिरीयलची शूटिंगं होतात. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. मी गेलो होतो बघायला, खासबागेच्या भिंतीपाशी माणसं गप उभी होती, एरवी कोल्हापूरची गर्दी गप उभी राहत नाही. मला तिथं आज्ज्याचं ते जळक्या सागवानाचं आठवलं, आणि वास खरंच आठ-दहा दिवस गेला नाही.

त्यानंतरच मामेभावानं मोबाईलवर आज्ज्याच्या सिनेमाचा एक तुकडा पाठवला. आई, मामा आणि मी बसलो बघायला. सीन आला, मावळे ओळीत उभे. तलवारी उजव्या हातात! मी थांबवला. माझा मिशीवाला दणकट माणूस उजवीकडनं तिसरा होता.

मला दोन मिनिटं काही कळेना. मग लक्षात आलं. आज्जी पुढनं बघत होती आणि मी मागनं. मी पस्तीस वर्षं कुणा दुसऱ्याच्याच आज्ज्याला आपला समजून बसलोय.

'मग डावीकडनं तिसरा कोण?' मी मोबाईल आईच्या जवळ धरला. डावीकडनं तिसऱ्या मावळ्याच्या बरोबर तोंडापुढं भगव्याचं टोक आलेलं. वाऱ्यानं ते हलतंय, पण सीन संपेपर्यंत बाजूला काही होत नाही. मामा म्हणाला, 'ह्यात काय दिसंना, ह्यो कशावरनं दादा?'

आईनं चष्मा वर केला, परत लावला. 'खांदा बघ की,' ती म्हणाली. 'उजवा खाली हाय. रंधा मारून मारून झालेला तसा. दुसऱ्या कुणाचा हाय का त्यात?'

आम्ही परत मागं नेऊन बघितलं. बाकी सगळे ताठ उभे होते.